प्लेगशी झुंजलेले हाफकिन

१९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मरून पडू लागले, मग माणसांना ताप येऊन काखेत, जांघेत गाठी उठल्या. कीटकनाशकाची फवारणी व टेट्रासायक्लिनच्या गोळ्या यांमुळे साथ आटोक्यात आली. त्याआधी शंभर वर्षे यातले काहीच हाताशी नव्हते. तेव्हा मुंबईत प्लेगला तोंड देणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची ही ओळख.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे यहुदी कुटुंबात झाला. धर्म बदलला असता तर तेथे प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी ते नाकारले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातले साधे काम पत्करले. तेथेच त्यांनी पटकीची लस तयार करून १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ते भारतातच होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते जंतू वाढवीत व नंतर उष्णतेने मारीत. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असेही उपयोगी पडले! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतः टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांत रोग कमी झाला.

मात्र लसीने रोगाची वाट बंद होत नव्हती. ती वाट १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी शोधली. उंदीर मेला की पिसू त्याला सोडते आणि माणसाला चावते. म्हणून आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. नाहीतर भुकेल्या पिसवा घरच्यांवरच येतात.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर केले. वास्तविक बाटली उघडताना गावातच मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. कलकत्त्यात काम मिळाले, पण लसीचे प्रयोग माणसांवर करण्याची मुभा नव्हती. निर्दोष ठरवून हात बांधायचे, हा कसला न्याय?

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.