पंडित अयोथीदास: एका पैशाचा अंक आणि हक्काची जागा



आपल्याकडे वर्गणीची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो. विहारानं वंदना, वैशाख पौर्णिमा आणि भीमजयंती एवढंच करावं, की समाजाच्या प्रश्नांतही पडावं? ज्यांनी ही दोन कामं कधी वेगळी मानलीच नाहीत, अशा एका माणसाची ओळख आज तुम्हाला करून देतो. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या 58 वर्षं आधी मद्रासमध्ये त्यांनी बौद्ध संस्था उभी केली होती.

पंडित अयोथीदास यांचा जन्म 1845 चा. मूळ नाव कात्तवरायन. पुढे त्यांनी आपल्या गुरूंचंच नाव घेतलं. जात पारियार, म्हणजे गावकुसाबाहेरची. व्यवसाय सिद्ध वैद्यकीचा. तमिळवर पक्की हुकमत, शिवाय पालीचाही अभ्यास. सुरुवातीला ते बौद्ध नव्हते. निलगिरीत असताना त्यांनी अद्वैताच्या नावानं सभा चालवली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण ते एका उडीत धम्माकडे आले नाहीत.

1891 मध्ये त्यांनी द्रविड महाजन सभा काढली. पुढच्याच वर्षी मद्रास महाजन सभेच्या परिषदेत ते प्रतिनिधी म्हणून गेले आणि विष्णू-शिवाच्या देवळांत आमच्या लोकांना प्रवेश का नाही, असं विचारलं. सभेत गदारोळ झाला. तुमचे देव वेगळे, हे देव तुमचे नव्हेत, असं त्यांना सुनावण्यात आलं. मग असले देव आम्हाला नकोतच, पण मुलांना मोफत शिक्षण आणि पडीक जमीन तरी द्या, अशी मागणी त्यांनी केली. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्याचा सांधा इथे बदलला. दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा स्वतःचं दार बांधावं, हा विचार पुढच्या प्रत्येक कामात दिसतो.

1898 मध्ये कर्नल ऑल्कॉट यांच्या मदतीनं ते कोलंबोला गेले, सुमंगल महाथेरोंकडून पंचशील घेतलं आणि परत येऊन मद्रासच्या रॉयपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. तिथे प्रवचनं होत, लग्नं लागत, मयताचे विधी होत. पुरोहिताची गरज संपली की गुलामीचा एक मोठा आधार निखळतो, हे आपल्याला बाबासाहेबांमुळे ठाऊक आहे. रॉयपेट्ट्यात त्याची तालीम आधीच सुरू होती.

1907 मध्ये त्यांनी ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक काढलं. किंमत नावातच: एक पैसा. त्यात धम्म होता, इतिहास होता, वैद्यकी होती आणि सरकारला खडे बोलही. अस्पृश्य हे मुळात बौद्ध होते, बौद्ध राहिले म्हणूनच त्यांना खाली ढकललं गेलं, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या काही शब्दव्युत्पत्ती आजच्या अभ्यासकांना पटत नाहीत, मलाही नाही. पण त्याच आधारावर त्यांनी 1911 च्या जनगणनेत लोकांना धर्म बौद्ध नोंदवायला सांगितलं. तुम्ही फॉर्ममधला धर्माचा रकाना भरताना घटकाभर थांबला असाल, तर त्या नोंदीचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं चालवलं कोणी? मोठे देणगीदार फार नव्हते. कोलारच्या सोन्याच्या खाणींत राबणाऱ्या तमिळ मजुरांनी तिथे शाखा उघडल्या. रंगूनला शाखा होती, दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये होती. म्हणजे पोटासाठी घर सोडलेली माणसं, आपल्यासारखीच. फरक इतकाच की आपण विमानानं आलो, ती जहाजाच्या तळघरातून.

5 मे 1914 रोजी पंडितजी गेले. साप्ताहिक त्यांच्या मुलानं काही काळ चालवलं. नंतर ते कोलारच्या मंडळींनी आपल्याकडे नेलं. त्यांच्याच संघात वावरलेले विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांनी 1907 मध्ये बौद्ध धम्माच्या सारावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं होतं. बाबासाहेबांनी 1948 मध्ये ते पुन्हा छापून घेतलं आणि त्याला स्वतः प्रस्तावना लिहिली.