शेतकऱ्यांच्या पत्राचा पहिला धनी : कृष्णराव भालेकर

पुण्यात कोर्टाच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या कामाला गेलेला शेतकरी शिवाजीनगरला हटकून जातो. या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. मुठेच्या पल्याडचं हे शेतीचं गाव होतं. १८५० साली कृष्णराव पांडुरंग भालेकर यांचा जन्म इथला. बहुजन समाजाचे पहिले वृत्तपत्र म्हणून ओळखले जाणारे 'दीनबंधु' त्यांनी काढले.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तरुण कृष्णराव त्या कामात पडले. काळ शेतकऱ्याला वाईट होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, कर्जाचे कागद जाळले. पाठोपाठ १८७६ साली पावसानं दगा दिला आणि मोठा दुष्काळ पडला.

पुण्यात तेव्हा वर्तमानपत्रे नव्हती असे नाही. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होता. पण ही पत्रे शहरातल्या शिकलेल्या मंडळींची. सारा, कर्ज, कोर्टाची जप्ती यांत भरडलेल्या कुणब्याचं गाऱ्हाणं त्याच्याच घरातला माणूस मांडतोय, असे पत्र नव्हते. ती उणीव भरून काढायला कृष्णरावांनी ऐन दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, 'दीनबंधु' साप्ताहिक सुरू केले.

पत्राचा उपयोग दुहेरी होता. खेड्यात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आणि दुसरीकडे, देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकार दर आठवड्याला करवून घेई. म्हणजे मामलेदाराच्या दारात अडलेली तक्रार छापून आली, तर वरच्या साहेबापर्यंत जायची वाट होती.

पण व्यवहार आतबट्ट्याचा. ज्याला पत्राची गरज, त्याच्या घरात दाणा नाही, तो वर्गणी कुठून भरणार? पैशाअभावी तीनेक वर्षांत पुण्यातला खेळ आटोपला. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' मुंबईला नेऊन जगवले. गिरणी कामगारांचे हे पुढारी. गावाकडून पोटासाठी गिरणीत गेलेल्यांचं गाऱ्हाणंही मग त्यात आलं.

कृष्णराव मात्र हात बांधून बसले नाहीत. 'शेतकऱ्यांचा कैवारी' हे पत्र त्यांनी चालवले. स्वतः पाहिलेल्या दुष्काळावर 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली. ती 'दीनबंधु'तूनच क्रमशः आली. १९१० साली ते वारले.

त्याच १९१० साली त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हाती घेतले. मुकुंदराव अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पाटील घराण्यात दत्तक गेले होते. त्यांनी शहर गाठले नाही. आधी सोमठाणे आणि मग नेवासे तालुक्यातले तरवडी, अशा खेड्यांतूनच पत्र काढले आणि १९६७ पर्यंत नेटाने चालवले. बापाला पुण्यासारख्या शहरात जे तीन वर्षांवर रेटता आलं नाही, ते पोरानं खेड्यात पन्नासावर वर्षं करून दाखवलं.

आज रस्ता, वीज, पीकविमा यांची बातमी गावातून येते तेव्हा ती कुणीतरी कळवलेली असते. तलाठी-ग्रामसेवकांनी ती वाचून राग धरू नये, काम बघावे. आणि शेतकरी बंधूंनी एवढं ध्यानात ठेवावं : 'दीनबंधु'ला पुण्यात बातम्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा पडला तो वर्गणीचा.