अर्नेस्ट रेनन : हजरत इसा (अ.) यांच्या शोधात निघालेला विद्वान

हजरत इसा (अलैहिस्सलाम) यांच्याविषयी ख्रिस्ती बांधवांशी चर्चा निघाली की आपल्याकडचा एखादा वक्ता अर्नेस्ट रेनन या फ्रेंच पंडिताचे नाव घेतो. युरोपातल्या एवढ्या मोठ्या विद्वानानेच इसा (अ.) हे ईश्वर नसून मानव होते असे मान्य केले, असा तो दाखला असतो. दाखला खोटा नाही, मात्र तो अर्धाच आहे. राहिलेला अर्धा भाग ठाऊक नसताना रेनन यांचा आधार घेणे आपल्याच श्रद्धेला महागात पडू शकते. म्हणून त्यांचे चरित्र एकदा नीट पाहिले पाहिजे.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथील त्रेगिए या लहानशा गावी १८२३ च्या फेब्रुवारीत रेनन यांचा जन्म झाला. जुने भव्य कॅथेड्रल, त्याभोवती मठ आणि धर्मशाळा, असे ते गाव होते. वडील जहाजावर कप्तान होते. अर्नेस्ट पाच वर्षांचा असताना ते समुद्रात बुडून वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घराचा भार आई आणि थोरली बहीण हेन्रिएट यांच्यावर आला. हेन्रिएट भावापेक्षा बारा वर्षांनी मोठी होती. तिने शिक्षिकेची नोकरी धरली, आधी पॅरिस गाठले आणि पुढे १८४१ मध्ये दूर पोलंडमध्ये एका सरदार घराण्यातील मुलींना शिकवण्यासाठी गेली. वडिलांचे कर्ज तिने आपल्या पगारातून फेडले. रेनन यांच्या आयुष्यात जे काही घडले त्यात या बहिणीचा वाटा इतका मोठा आहे की तिला वगळून त्यांची कथा सांगता येत नाही.

अर्नेस्टची बुद्धी तल्लख होती आणि तो पाद्री होणार हे घरात ठरलेलेच होते. १८३८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो पॅरिसच्या धर्मविद्यालयात दाखल झाला. आपल्याकडे हिफ्ज पूर्ण केलेला हुशार मुलगा दारुल उलूममध्ये पाठवला जातो, तसाच हा प्रकार होता. टप्प्याटप्प्याने तो सेंट सुल्पीस या नामांकित धर्मविद्यापीठात पोहोचला. तेथे त्याला हिब्रू भाषेचे उत्तम शिक्षक लाभले आणि नेमक्या त्याच भाषेने त्याच्या श्रद्धेला पहिला धक्का दिला.

हा धक्का तत्त्वज्ञानाचा नव्हता. यशया या ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या काळात लिहिला गेला आहे, असे त्याला मूळ हिब्रू वाचताना दिसू लागले. मूसा (अ.) यांच्या नावावर असलेली पाच पुस्तके आजच्या रूपात एकाच हातची वाटेनात. चर्चची शिकवण मात्र या सर्व ग्रंथांतील प्रत्येक शब्द निर्दोष आहे अशी होती. एक वीट निखळली तर सारी भिंत संशयास्पद ठरावी अशीच त्या शिकवणीची रचना होती. गुरूंनी समजूत घातली, प्रार्थनेचा सल्ला दिला. परंतु व्याकरणाचा प्रश्न प्रार्थनेने सुटत नव्हता. ६ ऑक्टोबर १८४५ रोजी बावीस वर्षांच्या रेनन यांनी धर्मविद्यापीठ सोडले. आईला हे दुःख सहन होणारे नव्हते. हेन्रिएटने पोलंडहून आपल्या शिलकीतले बाराशे फ्रँक पाठवले, जेणेकरून भावाला केवळ पोटासाठी धर्मगुरूचा झगा अंगावर ठेवावा लागू नये.

या निर्णयात प्रामाणिकपणा होता हे मान्य करावेच लागेल. विश्वास नसताना मिंबरवर उभे राहणारे लोक प्रत्येक समाजात असतात. त्यांच्याहून हा तरुण बरा होता.

ज्या वाटेवर रेनन निघाले ती जर्मनीत आधीच पडली होती. हॅम्बुर्गमध्ये पौर्वात्य भाषा शिकवणारे रायमारुस (१६९४–१७६८) यांनी इंजीलमधील वृत्तांतांची कठोर छाननी करणारे लिखाण आयुष्यभर लपवून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर लेसिंग या साहित्यिकाने लेखकाचे नाव न देता त्याचे काही भाग प्रसिद्ध केले. १८३५ मध्ये डेव्हिड स्ट्राउस या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकाने ‘येशूचे चरित्र’ लिहून चारही इंजीलमधील परस्परविरोध मांडले आणि त्यातील बराचसा भाग म्हणजे भक्तांच्या कल्पनेतून उपजलेली पुराणकथा होय, असे प्रतिपादन केले. त्यांची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकला त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली तेव्हा जनता इतकी खवळली की एकही व्याख्यान देण्यापूर्वीच त्यांना निवृत्तिवेतन देऊन घरी बसवण्यात आले. तिसाव्या-एकतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला हा माणूस पुन्हा कधी विद्यापीठात शिकवू शकला नाही.

रेनन यांचे पहिले मोठे काम मात्र आपल्याला जवळच्या विषयावर आहे. सामी भाषांचा अभ्यास, इटलीतील ग्रंथालयांतून हस्तलिखितांचा शोध आणि १८५२ मध्ये कुर्तुब्याचे काझी आणि तत्त्ववेत्ते इब्ने रुश्द (११२६–११९८) यांच्यावरील प्रबंध, असा त्यांचा क्रम होता. इब्ने रुश्द यांचे विचार लॅटिन युरोपात कसे पोहोचले आणि तेथे त्यांनी केवढी खळबळ उडवली याचे त्यांनी केलेले संशोधन मौलिक होते. त्याच्या एक वर्ष आधी त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर एक दीर्घ लेख लिहिला होता. अन्य धर्मांचा उगम धुक्यात हरवलेला आहे, पण इस्लामचा जन्म इतिहासाच्या लख्ख प्रकाशात झाला, त्याच्या प्रणेत्याचे जीवन सोळाव्या शतकातील युरोपीय सुधारकांइतके तपशिलाने माहीत आहे, असा त्या लेखातील एक मुद्दा होता. त्याच लेखात आपल्याला न पटणारे, मनाला लागणारे असे बरेच काही आहे, हेही सांगितले पाहिजे.

१८६० मध्ये लेबनॉनचा डोंगराळ प्रदेश आणि दमिश्क येथे भीषण दंगली झाल्या. दमिश्कमध्ये हजारो ख्रिस्ती जिवांना आपल्या आश्रयाखाली घेऊन वाचवणारे अमीर अब्दुल कादिर अल-जझायरी हे याच प्रसंगाचे नायक होत. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने तेथे सैन्य पाठवले आणि त्याच्या आश्रयाने प्राचीन फिनिशियाच्या अवशेषांचे उत्खनन करण्याची कामगिरी रेनन यांच्यावर सोपवली. सोबत हेन्रिएट होती. जुबैल, तरतूस, सैदा आणि सूर या ठिकाणी उत्खनन झाले. १८६१ च्या वसंतात बहीण-भाऊ पॅलेस्टाईनमध्ये उतरले. कार्मेलचा डोंगर, गॅलिलीचे सरोवर, नासिरा, अल-कुद्स ही आजवर पुस्तकात वाचलेली ठिकाणे त्यांनी घोड्यावरून फिरून पाहिली. गॅलिलीची हिरवी टेकाडे पाहून रेनन यांना वाटले की इंजीलच्या चार पुस्तकांच्या जोडीला ही भूमी हे जणू पाचवे पुस्तक आहे. चर्चच्या मूर्तीमागे दडलेला माणूस आपल्याला आता दिसू लागला, असे त्यांना वाटले.

उन्हाळ्यात लेबनॉनच्या गझीर गावी एका साध्या घरात त्यांनी लिहायला घेतले. जवळ पुस्तके फारशी नव्हती. बायबल होते आणि पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस यांचे ग्रंथ होते. रेनन लिहीत आणि हेन्रिएट त्याची स्वच्छ प्रत करी. सप्टेंबरमध्ये समुद्रकाठच्या अमशीत गावी दोघांनाही हिवतापाने गाठले. २४ सप्टेंबर १८६१ रोजी हेन्रिएट वारली. तेव्हा भाऊ शेजारीच बेशुद्ध पडला होता. शुद्धीवर आल्यावर त्याला कळले की बहीण गेली. गावातल्या एका मारोनी ख्रिस्ती कुटुंबाच्या कबरीत तिला जागा मिळाली. फ्रान्सला परतताना रेनन यांच्या सामानात तिच्या हातची ती प्रत होती.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. १८६२ च्या फेब्रुवारीत ‘कोलेज द फ्रान्स’ या सर्वोच्च विद्यासंस्थेत हिब्रूचे प्राध्यापक म्हणून पहिले व्याख्यान देताना त्यांनी इसा (अ.) यांचा उल्लेख एक अतुलनीय मानव असा केला. चारच दिवसांत व्याख्याने बंद करण्यात आली. जून १८६३ मध्ये ‘येशूचे जीवन’ हा ग्रंथ बाहेर पडला. तो हेन्रिएटच्या स्मृतीला अर्पण केलेला होता. काही महिन्यांत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले, गरीब वाचकांसाठी स्वस्त संक्षिप्त आवृत्तीही पुढच्या वर्षी आली. रोमने ग्रंथ निषिद्ध यादीत घातला. १८६४ मध्ये रेनन यांना प्राध्यापकपदावरून दूर करून शाही ग्रंथालयात नोकरी देऊ केली गेली. ती त्यांनी नाकारली.

आता त्या अर्ध्या दाखल्याकडे वळू. रेनन यांनी इसा (अ.) यांचे ईश्वरत्व नाकारले हे खरे. पण कोणत्या कसोटीने? निसर्गनियमाबाहेर काहीही घडत नाही, ही त्यांची पहिली अट होती आणि ती त्यांनी पुरावा तपासण्याआधीच घातली होती. त्या अटीत आदरणीय मरयम (अ.) यांच्या पोटी पित्याविना झालेला जन्म बसत नाही, अल्लाहच्या आज्ञेने आंधळ्याला दृष्टी देणे आणि मृताला उठवणे बसत नाही, वह्य तर मुळीच बसत नाही. ज्या गोष्टी सूरह आलेइम्रान, सूरह माइदा आणि सूरह मरयम यांत स्पष्टपणे आल्या आहेत, त्या सर्व रेनन यांच्या ग्रंथात भोळ्या भक्तांच्या कल्पना ठरतात. मृत लाझरसला उठवल्याच्या प्रसंगाचा खुलासा करताना तर पहिल्या आवृत्त्यांत त्यांनी शिष्यमंडळींच्या बनवाबनवीकडे बोट दाखवले आणि इसा (अ.) यांनी ती चालू दिली असे सूचित केले. १८६७ च्या तेराव्या आवृत्तीत हा भाग त्यांना बदलावा लागला. सुळावर मृत्यू झाला याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. सूरह निसाच्या १५७ व्या आयतीत त्याचा इन्कार आहे. त्यांनी चर्चचा ‘देवपुत्र’ बाजूला केला, पण त्या जागी अल्लाहचा प्रेषित ठेवला नाही. तेथे उरतो तो मधुर बोलणारा, स्वप्नाळू आणि शेवटी स्वतःच्या स्वप्नाने फसलेला एक तरुण उपदेशक. हे चित्र मुस्लिमाला जितके परके आहे तितकेच ते श्रद्धावान ख्रिस्ती माणसालाही आहे.

याच सुमारास आपल्या देशातील एका आलिमाने तीच सामग्री वेगळ्या रीतीने वापरली होती. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा मौलानांचे सहकारी डॉ. वझीर खान यांनी युरोपीय टीकाकारांचे ग्रंथ मिळवून ठेवले होते. ग्रंथपाठात बदल झाले आहेत, हे ख्रिस्ती विद्वानांच्याच लेखणीतून दाखवणे एवढ्यापुरतेच मौलानांनी ते ग्रंथ वापरले. वह्यवरचा त्यांचा स्वतःचा पाय ढळला नाही. १८५७ नंतर देश सोडावा लागलेल्या मौलानांनी ‘इझहारुल हक’ हा अरबी ग्रंथ १८६४ मध्ये इस्तंबूलला पूर्ण केला. रेनन यांचे पुस्तक तेव्हा अवघे एक वर्षाचे होते.

रेनन यांची कसोटी सगळीकडे सारखी चालली असती तरी एक गोष्ट होती. २९ मार्च १८८३ रोजी त्यांनी सोरबॉन येथे इस्लाम आणि विज्ञान या विषयावर व्याख्यान दिले आणि इस्लाम हा ज्ञानाचा स्वभावतःच शत्रू आहे असा निवाडा दिला. अरबी भाषेत जे विज्ञान फुलले त्याचे श्रेय त्यांनी इराणी, ख्रिस्ती आणि हर्रानी विद्वानांना देऊन टाकले. इब्ने रुश्दवर आयुष्याची उमेद खर्च केलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे आश्चर्य वाटते. त्यामागे वंशाविषयीचे पूर्वग्रह होते. सामी लोकांची बुद्धी आर्यांपेक्षा उणी, अशी त्यांची धारणा होती आणि तिची झळ यहुद्यांनाही बसली. इसा (अ.) यांना त्यांच्याच बनी इस्राईल समाजापासून तोडून दाखवण्याचा त्यांचा खटाटोपही त्यातूनच आला.

त्या वेळी सय्यद जमालुद्दीन अफगाणी पॅरिसमध्ये होते. काही वर्षांपूर्वी ते निझामाच्या हैदराबादेत राहिले होते आणि तेथेच त्यांनी निसर्गवाद्यांच्या खंडनाचा आपला फारसी ग्रंथ लिहिला होता. १८ मे रोजी ‘जुर्नाल दे देबा’ या वृत्तपत्रात त्यांचे उत्तर आले. मुस्लिमांनी मिळवलेले ज्ञान त्यांनी नुसते सांभाळले नाही तर वाढवले, शिवाय ख्रिस्ती जग कित्येक शतके आधी निघाले असल्याने त्याला पुढे जायला अधिक अवधी मिळाला, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ते उत्तर आज वाचणाऱ्या धर्मनिष्ठ वाचकाला मात्र काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त नमते वाटेल. दुसऱ्याच दिवशी रेनन यांनी प्रत्युत्तर दिले. अफगाणींच्या बुद्धीची स्तुती केली, पण आपले मत सोडले नाही. तुर्की साहित्यिक नामिक केमाल यांनीही रेनन यांच्या खंडनार्थ पुस्तक लिहिले.

१८७० मध्ये बादशाही कोसळल्यावर रेनन यांना त्यांची जागा परत मिळाली होती. ख्रिस्ती धर्माच्या उगमाचा त्यांचा सात खंडांचा इतिहास १८८१ मध्ये पुरा झाला. फ्रेंच अकादमीचे सदस्यत्व, ‘कोलेज द फ्रान्स’चे प्रमुखपद, सर्व मानसन्मान मिळाले. २ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि शासनाने धार्मिक विधीविना त्यांचा अंत्यसंस्कार केला. १९०६ मध्ये अल्बर्ट श्वाइट्झर यांनी या सगळ्या चरित्रकारांचा हिशोब मांडला. प्रत्येकाने इसा (अ.) यांच्यात आपल्याच काळाचा आणि आपल्याच स्वभावाचा चेहरा पाहिला, असे त्यांनी साधार दाखवले आणि रेनन यांची रमणीय गॅलिली त्यांच्या टीकेतून सुटली नाही. पुढच्या संशोधकांनी इसा (अ.) यांना पुन्हा त्यांच्या यहुदी समाजात, त्याच्या शरीयतीत आणि प्रार्थनागृहांत नेऊन ठेवले. रेनन यांनी नेमके तेच पुसले होते.

त्रेगिए गावात १९०३ मध्ये कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात रेनन यांचा पुतळा उभारला गेला. अनावरणाला फ्रान्सचे पंतप्रधान आले, तेव्हा संतप्त कॅथलिकांना आवरण्यासाठी बंदोबस्त ठेवावा लागला. दुसऱ्याच वर्षी त्या लोकांनी निषेध म्हणून गावात सुळाचे मोठे स्मारक बांधले. दोन्ही अजून तेथे आहेत. हेन्रिएट मात्र अमशीतलाच राहिली.