बीजधनाचा राखणदार

वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग यांच्या डोंगरांच्या पायथ्याशी कामण हे गाव वसले आहे. हा सारा मुलूख भाताचा. भात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच धान्य येते. परंतु कोकणच्या शेतकऱ्याला भाताचे अनेक प्रकार ठाऊक असत. उताराच्या जमिनीत पाणी फार दिवस टिकत नाही, म्हणून तेथे लवकर पिकणारे हळवे भात पेरीत. सखल, पाणथळ खाचरात सावकाश पिकणारे गरवे भात लावीत, आणि या दोहोंच्या मधल्या जमिनीत निमगरवे. खाडीकाठच्या खारवट जमिनीत इतर रोपे करपून जात, तेथे तांबड्या दाण्याचा राता तग धरून राही. मळणी झाली की चांगले टपोरे दाणे निवडून, उन्हात वाळवून, पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवीत. चैत्र-वैशाखात घरातील कणगी रिकामी झाली, तरी बियाण्याच्या त्या मुड्याला हात लावावयाचा नाही, असा शिरस्ता असे. बियाणे खाऊन टाकले, तर मृगाच्या पावसावर पेरावयाचे काय?

एका घराचा हा शिरस्ता साऱ्या जगासाठी पाळण्याचे व्रत एका शास्त्रज्ञाने घेतले होते. त्यांचे नाव निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव.

वाव्हिलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी रशियातील मॉस्को शहरी झाला. त्यांचे वडील खेड्यातील गरीब शेतकरी कुटुंबातून आलेले. स्वकष्टाने ते कापडाचे व्यापारी झाले होते. रशियात त्या काळी वारंवार दुष्काळ पडत. १८९१-९२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मृत्यू पावली, तेव्हा निकोलाय अवघे चार-पाच वर्षांचे होते. मोठेपणी त्यांनी वडिलांच्या व्यापाराची वाट न धरता मॉस्कोच्या कृषिविद्यालयात प्रवेश घेतला. पिकांना रोग का होतात आणि काही जातींना ते का होत नाहीत, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या अभ्यासासाठी ते इंग्लंडला जाऊन विल्यम बेटसन या नामांकित शास्त्रज्ञांपाशीही शिकले.

१९१६ साली इराणात असलेले रशियन सैनिक पाव खाऊन आजारी पडू लागले. कारण शोधण्यासाठी वाव्हिलोव यांना धाडण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका विषारी गवताचे बी हेच त्याचे मूळ आहे, हे त्यांनी ओळखले. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. तेथून ते पामीरच्या उंच पर्वतांत गेले आणि तेथील धान्यांची बियाणी गोळा करू लागले. पाठीवर बियाण्यांच्या पिशव्या आणि हातात टिपणवही, असा त्यांचा प्रवास सुरू झाला तो पुढे चोवीस वर्षे चालला.

१९१७ साली ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरी प्राध्यापक झाले. १९२१ साली पेत्रोग्राद येथील वनस्पतिसंस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. या शहराचे नाव पुढे लेनिनग्राद झाले. आज ते सेंट पीटर्सबर्ग या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी व्होल्गाच्या खोऱ्यात पुन्हा भीषण दुष्काळ पडला. थंडी, अवर्षण व रोग यांना तोंड देतील अशी पिके निर्माण झाल्यावाचून ही उपासमार टळणार नाही, हे वाव्हिलोव यांनी जाणले. पण अशी पिके शून्यातून निर्माण होत नसतात. त्यांचे गुण कोठे तरी, कोणाच्या तरी शेतात किंवा रानात आधीच असावे लागतात. ते गुण शोधून आणणे हे त्यांनी आपले कार्य मानले.

१९२४ साली त्यांनी अफगाणिस्तान पालथा घातला. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश व इथिओपिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान व कोरिया, १९३० मध्ये मेक्सिको व मध्य अमेरिका, आणि १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका, असा त्यांचा संचार झाला. कधी घोड्यावरून, कधी खेचरावरून, कधी पायी ते दूरदूरच्या खेड्यांत पोहोचत. बाजारात, खळ्यावर, शेताच्या बांधावर शेतकऱ्यांशी बोलत आणि मूठमूठ बी मागून घेत.

या भ्रमंतीतून त्यांना एक मोठे तत्त्व गवसले. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वांत अधिक प्रकार आढळतात, तो प्रदेश बहुधा त्या पिकाचे माहेर असतो. मक्याचे माहेर मेक्सिकोकडे, बटाट्याचे दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांत. तूर, वांगे, काकडी आणि आंबा यांचे माहेर त्यांनी आपल्या भारताकडे दाखविले. पुढील संशोधनाने त्यांच्या नकाशात काही फेरफार झाले, परंतु मूळ विचार टिकून राहिला.

हे विविध प्रकार जपावयाचे कशासाठी? आयर्लंडमधील गरीब शेतकरी मुख्यतः बटाट्याच्या एकाच जातीवर जगत होते. १८४५ साली त्या पिकावर रोग पडला. एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला त्याच जातीची सारी झाडे बळी पडतात. सुमारे दहा लाख लोक उपासमारीने व रोगराईने मरण पावले. शेतात अनेक जाती असल्या, तर एक गेली तरी दुसरी उभी राहते.

वाव्हिलोव यांनी लेनिनग्राद येथे बियाण्यांचे भांडार उभारले. १९४० पर्यंत त्यात सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. ते जपणे हे गोळा करण्याइतकेच कठीण होते. बी हे निर्जीव नाणे नव्हे. त्यात जीव असतो आणि तो हळूहळू क्षीण होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याला क्रमांक देऊन तो कोठून आणला याची नोंद केली जाई. काही वर्षांनी देशभरातील प्रयोगक्षेत्रांवर तो पुन्हा पेरावा लागे आणि एका जातीचे दाणे दुसरीत मिसळणार नाहीत अशी दक्षता घेऊन नवे बी भांडारात ठेवावे लागे.

परंतु या कार्याला लवकरच ग्रहण लागले. त्रोफिम लायसेन्को नावाचे एक कृषितज्ज्ञ त्या सुमारास पुढे आले. प्रारंभी वाव्हिलोव यांनीही त्यांना उत्तेजन दिले होते. मात्र लायसेन्को अनुवंशशास्त्राचे नियमच नाकारू लागले आणि थोड्या अवधीत भरघोस पिकांचे आश्वासन देऊ लागले. देशाचे सर्वसत्ताधीश स्टालिन यांनी त्यांची बाजू उचलून धरली. नवे वाण तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, हे वाव्हिलोव यांना ठाऊक होते. खोटे वचन देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी आपले मत सोडले नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी, बियाणी गोळा करण्याच्या दौऱ्यावर असतानाच, त्यांना अटक झाली. १९४१ च्या जुलैमध्ये त्यांना देहदंड सुनावण्यात आला; पुढे तो बदलून वीस वर्षांचा कारावास करण्यात आला.

इकडे दुसरे महायुद्ध पेटले होते. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्रादला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात अनेक नागरिकांना दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव मिळत असे. अशा वेळी वाव्हिलोव यांच्या सहकाऱ्यांच्या हाताशी गहू, भात, मका, वाटाणे आणि भुईमूग यांची पोतीच्या पोती होती. त्यांनी उंदरांपासून ती राखली. तोफांच्या माऱ्यातून बटाट्याचे नमुने शहरात आणून तळघरात ठेवले आणि गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तेथे ऊब राखली. मात्र त्यांतला दाणाही त्यांनी तोंडात घातला नाही. भाताच्या नमुन्यांची जबाबदारी असलेले दिमित्री इव्हानोव भाताच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने मरण पावले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन यांनाही असाच मृत्यू आला. आणखी कित्येक सहकारी गेले, बियाणे राहिले.

आणि वाव्हिलोव? ज्या सारातोव शहरी ते तरुणपणी प्राध्यापक म्हणून आले होते, तेथील तुरुंगात २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने त्यांचा अंत झाला. साऱ्या जगाच्या भाकरीची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाला अखेरीस पोटभर भाकरी मिळाली नाही. १९५५ साली त्यांच्यावरील आरोप रद्द करून त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. लेनिनग्रादची ती संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

वाव्हिलोव यांचा विचार किती दूरदर्शी होता, हे पुढे भाताच्याच बाबतीत दिसून आले. १९७० च्या सुमारास आशियातील भाताची रोपे खुजी करून टाकणारा एक विषाणुरोग पसरला. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या भांडारातील हजारो नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानभातात सापडला. तो गुण नव्या वाणांत उतरविल्याने लक्षावधी शेतकऱ्यांची पिके वाचली. तो रानभात कोणी क्षुद्र समजून टाकून दिला असता, तर?

आज जगात अनेक बियाणे बँका आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय बँकेत चार लाखांहून अधिक नमुने आहेत. बी चांगले वाळवून, हवाबंद पाकिटात घालून, शून्याखाली १८ अंश तापमानात ठेवतात. अधूनमधून काही दाणे रुजवून पाहतात. उगवण घटली की नमुना पुन्हा पेरतात. एका ठिकाणी आग लागली वा युद्ध झाले, तरी बियाणे बुडू नये, म्हणून त्याचा दुसरा साठा दूर ठेवतात. उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली असे एक भांडार उघडण्यात आले. सीरियातील युद्धामुळे तेथील संस्थेला आपले भांडार सोडावे लागले, तेव्हा २०१५ साली तिने स्वालबार्डहून स्वतःचे बियाणे परत नेले आणि पुन्हा पेरले. आंबा, फणस यांच्या बिया मात्र वाळविल्या की मरतात. त्यांच्या जाती बागेत जिवंत झाडांच्या रूपानेच राखाव्या लागतात.

ही राखण केवळ मोठ्या संस्थांनीच करावी असे नाही. आपल्या महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. २०२० साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव जाहीर केला. बियाणे केवळ कुलपात राहिले तर त्याला बदलत्या पावसापाण्याची सवय होत नाही; ते शेतातही पिकत राहावे लागते. म्हणून शास्त्रज्ञाचे भांडार आणि शेतकऱ्याचा मुडा ही दोन्ही हवीत.

बियाण्याचा दाणा आपल्या हाती असतो, पण तो सर्वस्वी आपला नसतो. मागच्यांनी उपाशी राहून तो आपल्यासाठी राखला. पुढच्यांसाठी तो राखणे हे आपले कर्तव्य होय.