युद्ध नेमकं कुठल्या जागेवरून पेटलं, एवढंच लिंकन यांनी विचारलं आणि विरोधकांनी त्यांना गद्दार ठरवलं

अब्राहम लिंकन म्हटलं की गुलामगिरी संपवणारा, यादवी युद्धात अमेरिका एकसंध ठेवणारा राष्ट्राध्यक्ष आठवतो. पण याच लिंकन यांना एकेकाळी त्यांच्याच राज्यात देशद्रोही म्हणून शिव्या बसल्या होत्या. कारण काय, तर आपल्या देशाने शेजारच्या देशावर केलेली चढाई खरंच योग्य होती का, हा प्रश्न त्यांनी भर संसदेत विचारला होता.

गोष्ट आहे १८४७ ची.

लिंकन यांचा जन्म १८०९ सालचा, केंटकीतल्या लाकडी झोपडीतला. शाळा जेमतेम वर्षभराची. पुढे ते इलिनॉय राज्यात आले, दुकान चालवलं, जमिनीची मोजणी केली, स्वतःच कायदा वाचून वकील झाले. ऑगस्ट १८४६ मध्ये व्हिग पक्षाकडून ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. पण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्यक्ष सभागृहात जायला डिसेंबर १८४७ उजाडला. तोवर अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं युद्ध जवळपास संपत आलं होतं. अमेरिकेची फौज थेट मेक्सिको सिटीत जाऊन बसली होती.

आता हे युद्ध सुरू कसं झालं ते बघू.

टेक्सास हा आधी मेक्सिकोचा भाग. १८३६ मध्ये तो बंड करून वेगळा झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. पण त्याची दक्षिण सीमा कुठली? मेक्सिको म्हणायचा न्यूसेस नदी. अमेरिका म्हणायची, त्याच्याही खालची रिओ ग्रँड नदी. मधला पट्टा दोघांच्या दाव्यात अडकला होता.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क. त्यांना कॅलिफोर्निया हवा होता. तो विकत घेण्यासाठी त्यांनी दूत पाठवला, पण मेक्सिकोने त्याला भेट नाकारली. मग जानेवारी १८४६ मध्ये पोल्क यांनी जनरल झॅकरी टेलर यांना सैन्य घेऊन रिओ ग्रँडकडे जायला सांगितलं. २५ एप्रिलला त्या वादग्रस्त पट्ट्यात मेक्सिकन घोडदळाने अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, त्यात सैनिक मारले गेले. पोल्क यांनी संसदेला कळवलं की मेक्सिकोने आपल्या हद्दीत घुसून आपल्या लोकांचं रक्त सांडलंय. १३ मे १८४६ ला युद्ध जाहीर झालं. प्रतिनिधिगृहात विरोधात फक्त १४ मतं पडली.

गंमत म्हणजे, ही बातमी वॉशिंग्टनला पोहोचण्याआधीच पोल्क यांनी युद्धाचा प्रस्ताव आणायचं ठरवून टाकलं होतं.

पोल्क यांच्या समर्थकांचे मुद्दे साधे होते. टेक्सासने रिओ ग्रँडपर्यंत हक्क सांगितला होता. कैदेत असताना का होईना, मेक्सिकोच्या सांता अॅना यांनी १८३६ च्या करारावर सही केली होती. अमेरिकी नागरिकांचे पैसे मेक्सिकोकडे थकले होते. आणि पहिली गोळी मेक्सिकोने झाडली होती.

लिंकन यांनी वकिलासारखा एकच धागा पकडला. २२ डिसेंबर १८४७ ला त्यांनी आठ प्रश्नांचा ठराव मांडला. ज्या जागेवर रक्त सांडलं ती जागा कुठली? ती आधी कुणाच्या ताब्यात होती? तिथल्या लोकांनी कधी टेक्सासला कर भरला, मत दिलं, त्याचं कोर्ट मानलं? की अमेरिकी फौज बघून ते घरंदारं आणि उभी पिकं सोडून पळाले? आणि मारले गेलेले सैनिक तिथे राष्ट्राध्यक्षांच्याच हुकुमाने गेले होते ना?

१२ जानेवारी १८४८ च्या भाषणात त्यांनी हा मुद्दा पुढे नेला. नुसता दावा केला म्हणून जमीन आपली होत नाही. बंड करून देश वेगळा झाला असेल, तर जिथपर्यंतच्या लोकांनी ते बंड प्रत्यक्षात स्वीकारलं, तिथपर्यंतच त्याची हद्द. त्याआधी ३ जानेवारीला, पोल्क यांनी हे युद्ध गरज नसताना आणि घटनाबाह्य पद्धतीने सुरू केलं असं म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं. ती ८५ विरुद्ध ८१ ने मंजूर झाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. सैनिकांच्या रसद-पगाराच्या खर्चाला लिंकन यांनी कधी विरोध केला नाही. सैन्याला पोसणं वेगळं आणि युद्धाचं कारण पटणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. खर्चाला दिलेलं मत म्हणजे युद्धालाच पाठिंबा, असं पोल्क भासवू लागले, म्हणूनच आपल्याला बोलावं लागलं, असं त्यांनी सांगितलं.

तरी व्हायचं ते झालंच. पोल्क यांनी उत्तर दिलं नाही, ठराव तसाच पडून राहिला. इलिनॉयमधल्या विरोधी वर्तमानपत्रांनी लिंकन यांची तुलना अमेरिकेच्या इतिहासातल्या सगळ्यात बदनाम गद्दाराशी, बेनेडिक्ट अर्नोल्डशी केली. स्पॉट म्हणजे जागा, त्यावरून स्पॉटी लिंकन असं नाव चिकटलं.

इतकंच काय, त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनाही हे पटलं नाही. देशाच्या बचावासाठी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्याच्या हद्दीत घुसू शकतो, असं त्यांचं मत होतं. लिंकन यांनी पत्रातून उत्तर दिलं. गरज आहे की नाही हे एकट्या राष्ट्राध्यक्षानेच ठरवायचं म्हटलं, तर त्याला अडवणारं कुणी उरतच नाही. युद्धाचा अधिकार राजाच्या हातून काढून संसदेकडे दिला तो यासाठीच.

फेब्रुवारी १८४८ मध्ये तह झाला. दीड कोटी डॉलर मोजून अमेरिकेने कॅलिफोर्नियासह प्रचंड मुलूख घेतला. सुमारे १३ हजार अमेरिकी सैनिक गेले, त्यातले बहुतेक रोगराईने. लिंकन पुन्हा उभे राहिले नाहीत, पक्षात जागा आलटून पालटून घ्यायचं ठरलेलं होतं. पण त्यांच्या जागी उभा राहिलेला व्हिग उमेदवार पडला. १८५८ मध्ये स्टीफन डग्लस यांनी जाहीर वादसभेत हेच जुनं प्रकरण उकरून काढलं.

त्याच व्हिग पक्षाने १८४८ मध्ये युद्धाचा हिरो टेलर यांनाच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं आणि लिंकन यांनी त्यांचा प्रचार केला. पुढे १८६१ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना लिंकन यांनी संसद भरण्याआधीच सैन्य उभारलं, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क काही ठिकाणी स्थगित केला. तेव्हा विरोधकांनी त्यांनाही तेच विचारलं, हा अधिकार दिला कुणी? लिंकन यांचा बचाव असा की हे परक्या देशावरचं आक्रमण नाही, घरातलं बंड आहे. संसद भरल्यावर त्यांनी केलेल्या गोष्टींचा हिशोब तिच्यापुढे मांडला आणि मंजुरी मागितली.

१५ एप्रिल १८६५ ला लिंकन गेले. पोल्क यांनी न दिलेली ती आठ उत्तरं मात्र आजही बाकी आहेत. आणि कुठलाही देश दुसऱ्याच्या हद्दीत फौज घालतो तेव्हा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: ती जागा नेमकी कुणाची होती?