त्रेपन्न दिवस गोठवलेले भ्रूण

जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठ्यावर येणाऱ्या डॉक्टरांकडचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील रेतमात्रा उणे 196 अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकतात. मानवी भ्रूण असेच गोठवून त्यापासून मूल जन्माला येऊ शकते, हे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच दाखवले. त्या वेळी मात्र त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

16 जानेवारी 1931 रोजी हजारीबाग येथे त्यांचा जन्म झाला. कोलकात्यात एमबीबीएस आणि पीएच.डी. केल्यावर 1967 मध्ये त्यांनी एडिंबरा येथे दुसरी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतून ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले.

गर्भनलिका बंद असलेल्या एका महिलेवर त्यांनी उपचार सुरू केले. जास्त स्त्रीबीजे मिळावीत म्हणून संप्रेरकांची इंजेक्शने दिली. पण या इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास अनुकूल राहत नाही. म्हणून शरीराबाहेर तयार झालेले भ्रूण गोठवून थांबायचे त्यांनी ठरवले. थेट गोठवल्यास पेशीतील पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. त्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक रसायन वापरले. शीतजीवशास्त्रज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य त्यांच्या सोबत होते. 53 दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडले आणि 3 ऑक्टोबर 1978 रोजी मुलगी जन्मली. ‘दुर्गा’ या नावाने ती देशाला माहीत झाली. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रजननशास्त्राचे नव्हे, तर रेडिओ-भौतिकशास्त्राचे तज्ज्ञ होते. समितीने दावा फेटाळला. जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे 1981 मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. तिथे प्रजननावरील संशोधनाला वावच नव्हता. 19 जून 1981 रोजी, वयाच्या 50 व्या वर्षी, त्यांनी जीवन संपवले. तीनच वर्षांनी, 1984 मध्ये, ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मले आणि जगाने ते पहिले मानले.

मुंबईत केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलेली मुलगी देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली होती. त्या यशात वाटा असलेले मुंबईचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी 1997 मध्ये सुभाषबाबूंची टिपणे तपासली. संप्रेरकांचा वापर, भ्रूण गोठवणे, ते परत सोडणे, सगळ्याची संगती लागत होती. पहिलेपणाचा मान सुभाषबाबूंचा आहे, असे आनंद कुमार यांनी स्वतःचा मान सोडून जाहीरपणे लिहिले.

आज अनेक केंद्रांत भ्रूण गोठवून पुढच्या पाळीचक्रात सोडतात. कर्करोगाच्या औषधोपचारापूर्वी स्त्रीबीज, वीर्य किंवा भ्रूण राखून ठेवता येते. त्यामुळे आई किंवा बाप होण्याची शक्यता टिकते. उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना याविषयी विचारावे.