राज्यपालपद भूषवून झालं, तरी ऐंशीच्या उंबरठ्यावर बापूजी अणे वेगळ्या विदर्भासाठी मैदानात उतरले

चांदूर बाजार असो, अचलपूर असो की वणी, वऱ्हाडातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर वेगळ्या विदर्भाचा विषय काढून बघा. दोन गट लगेच पडतात. एक म्हणतो, आमचा कापूस, आमची संत्री, आमची वीज, मग निर्णय मुंबईत का? दुसरा म्हणतो, मराठी माणसाने मराठी माणसापासून वेगळं व्हायचंच कशाला?

हा वाद आजचा नाही. तो समजून घ्यायचा तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. त्यांचा जन्म झाला तेव्हा वऱ्हाडची अवस्था मोठी विचित्र होती. कागदोपत्री मालक हैदराबादचा निजाम आणि कारभार इंग्रजांचा. निजामाकडे फौजेच्या खर्चाची थकबाकी होती, म्हणून १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आलं. या सगळ्यात वऱ्हाडातल्या लोकांना कुणीही काही विचारलं नाही.

आपला मुलुख दुसरेच कुणीतरी इकडून तिकडे जोडतात, ही सल तिथूनच सुरू होते.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून बापूजी वकील झाले आणि यवतमाळला वकिली करू लागले. राजकारणात ते टिळकांचे अनुयायी. होमरूल चळवळीत ते होते. टिळक गेल्यावर गांधीयुग आलं, पण बापूजींनी डोळे मिटून कुणाच्या मागे जायचं नाही हे धोरण सोडलं नाही. पटलं तर सोबत, नाही पटलं तर बाजूला.

१९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. विदर्भाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढलं. यवतमाळकडे तर जंगलच जंगल. तिथे गुरांसाठी गवत कापायलाही सरकारी कायदा आडवा यायचा. मग बापूजींनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, गवत कापलं आणि तुरुंगात गेले. १९३३ मध्ये सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

पण पुढच्याच वर्षी खटका उडाला. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यावर काँग्रेसने ठाम विरोध करावा, असं मदनमोहन मालवीय आणि बापूजींचं म्हणणं होतं. काँग्रेसने ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली. तेव्हा दोघांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढून वेगळी वाट धरली.

१९४१ मध्ये त्यांनी याहून वादग्रस्त निर्णय घेतला. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. काँग्रेसचे नेते पुढच्या वर्षी तुरुंगात असताना बापूजी सरकारात होते, ही टीका त्यांच्यावर कायम झाली. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा बापूजी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी झाले, संविधान सभेत गेले आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल राहिले.

एवढं झाल्यावर कुणीही घरी बसून ग्रंथ लिहिले असते. बापूजींनी ग्रंथही लिहिला आणि विदर्भही सोडला नाही.

मागणी नेमकी काय होती?

वेगळ्या विदर्भाची मागणी संयुक्त महाराष्ट्राच्या आधीपासूनची. १९३८ मध्येच मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या प्रांताचा ठराव केला होता. तेव्हा तक्रार होती हिंदी भाषिक भागाविरुद्ध. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा तिकडे खर्च होतो, असं लोक म्हणत. १९४७ मध्ये अकोला करार झाला, १९५३ मध्ये नागपूर करार. नागपुरात दरवर्षी अधिवेशन, हायकोर्टाचं खंडपीठ, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, अशी आश्वासनं देऊन विदर्भाला महाराष्ट्रात यायचं आमंत्रण दिलं गेलं.

बापूजी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांना हे पटलं नाही. आश्वासन देणारे उद्या सत्तेत नसतील, मग ते पाळणार कोण, हा त्यांच्या बाजूचा मुख्य सवाल होता. त्यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे वेगळ्या राज्याची बाजू मांडली. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली.

पण ती अमलात आली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एक भाषा, एक राज्य या लाटेपुढे एकाच भाषेची दोन राज्यं ही कल्पना टिकली नाही.

१९५९ मध्ये नागपूर लोकसभेची पोटनिवडणूक लागली. वयाच्या ७९ व्या वर्षात असलेले बापूजी विदर्भाच्या मुद्द्यावर उभे राहिले आणि जिंकले. १९६२ मध्ये महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, तरी नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून पुन्हा दिल्लीला पाठवलं.

राज्य मागणं आणि देश सोडणं

याच काळात दक्षिणेत द्रमुक वेगळ्या द्रविडनाडूची मागणी करत होता. दिल्लीने १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती केली. निवडणूक लढवणाऱ्याला देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ बंधनकारक झाली. द्रमुकने ती मागणी सोडली आणि १९६७ मध्ये मतपेटीतून मद्रासची सत्ता मिळवली.

बापूजींची मागणी यात बसत नव्हती. घटनेचं तिसरं कलम संसदेला नवं राज्य करण्याचा अधिकार देतं. तेच ते मागत होते. वेगळं व्हायचं होतं ते राज्यातून, देशातून नाही. तरीही त्यांच्या बाजूच्या लोकांवर फुटीरपणाचा शिक्का बसायचा, कारण १०६ हुतात्म्यांच्या रक्ताने मिळालेला महाराष्ट्र लगेच तोडायची भाषा अनेकांना सहन होत नव्हती. या भावनेतही खोटं काही नव्हतं.

२६ जानेवारी १९६८ ला बापूजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं होतं. टिळकांच्या जीवनावर त्यांनी लिहिलेल्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते. २०१६ मध्ये वेगळ्या राज्यांबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यावरून गदारोळ झाला आणि त्यांना पद सोडावं लागलं.

दरम्यान २००० मध्ये छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड झाले. २०१४ मध्ये तेलंगणा झालं आणि एकाच भाषेची दोन राज्यं होऊ शकतात हे देशाने बघितलं. विदर्भाच्या वाट्याला नागपूरचं हिवाळी अधिवेशन, वैधानिक विकास मंडळ आणि अनुशेषाचे अहवाल आले.

करार मोडला तर दाद कुठे मागायची, हा अणे-बियाणींच्या वेळचा प्रश्न वऱ्हाडातल्या टपरीवर आजही तसाच आहे.